काळं खोकं, पांढरं खोकं

नाही मॅडम, असं एका शब्दात नाही सांगता येत. हा चांगला का तो चांगला — तुम्ही विचारलंत सरळ, पण त्याला सरळ उत्तर नाही. बसा ना, त्या स्टुलावर बसा, ती वायरची गुंडाळी खाली ठेवा, काही होत नाही तिला. संगमनेरहून आलात म्हणजे अडीच तास एसटीत हाडं खिळखिळी झाली असतील, आता दहा मिनिटांनी काय बिघडतं. आणि मी सारखा रस्त्याकडं बघतोय म्हणून रागावू नका — लक्ष तुमच्याकडंच आहे माझं — एक गाडी यायचीय, तिसगावहून पुण्याला निघालीय, दुकानापाशी दोन मिनिटं थांबणार म्हणालेत. बारापर्यंत येईल. आत्ता किती झाले? साडेअकरा. मग आहे वेळ.

तर हे बघा, हे काळं खोकं आणि हे पांढरं खोकं. दोन्हींत तेच, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर — पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसती हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेलं सगळं डोकं. कॅमेरा जोडा, घंटी जोडा, सांगाल ते काम मुकाट्यानं करतो. आता बाजारात असले वीस प्रकार आलेत आणि नावं बघाल तर फळांची — रास्पबेरी काय, ऑरेंज काय, बनाना काय — आमची रोशनबी म्हणती, इलेक्ट्रॉनिकचं दुकान आहे सांगून लग्न केलं आणि फळांची गाडी लावून बसलात. तुम्हाला त्या व्हिडिओवाल्यांनी काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे — याची मेमरी एवढी, त्याचा वेग तेवढा — म्हणजे जसं काही शर्यतीचा बैल घ्यायचाय. मी गिऱ्हाईकाला आधी एकच विचारतो, करायचंय काय? पारनेरचा एकजण आल्ता, कोंबड्यांच्या शेडमधला पंखा ऊन वाढलं की आपोआप फिरला पाहिजे म्हणून. त्याला म्हणलं, बाबा, तुला हा बोर्ड लागतच नाही, ही नखाएवढी चिप घेऊन जा. हौस वेगळी, गरज वेगळी. तुमचं काय आहे? नुसतं शिकायला का घरात काही बसवायचंय?

सासूबाईंच्या गोळ्या.

नाही, काही नाही. बोला ना, ऐकतोय. तुम्ही कॉलेजात शिकवायला जाता, घरी त्या एकट्या असतात, त्यांच्या लक्षात राहत नाही — बरोबर आहे, वय झाल्यावर कुणाच्या राहतं. मग वेळ झाली की बोर्डानं आवाज द्यायचा. तुमचाच आवाज भरणार असाल त्यात, 'आई, दहाची गोळी घ्या.' हां. सगळे असंच करतात. घरच्या माणसाचा आवाज असला की म्हातारं माणूस ऐकतं. लई ऐकतं. थांबा, मी पाणी पितो जरा. तुम्हाला हवंय? नको? बरं.

मला एक सांगा, लाईट जाते का तुमच्याकडं? रोज नाही म्हणता, पण जाते ना — आणि गेली की वायफायचा डबाही बंद पडत असेल? मग हे नीट ऐका, बाकीचं सगळं सोडा. आपल्या मोबाईलला बॅटरी असते, म्हणून त्याला वेळ कळते. या बोर्डाला नसते. लाईट गेली की याच्या दृष्टीनं काळ थांबला. लाईट आली की हा उठतो आणि जिथं शेवटचं टिपून ठेवलं होतं तिथून पुढं मोजायला लागतो — दुपारचे दोन वाजलेले असोत, याला वाटतं सकाळच आहे. नेट असलं तर नेटला विचारून घेतो, मिनिटात सुधारतो. पण नेटही नसलं तर? मग त्याचं तेच खरं. या काळ्या खोक्यातल्याला हे बघा, इथं, बारीक जागा दिलीय, इथं सेल जोडला की लाईट असो नसो, आतलं घड्याळ चालू. पांढऱ्यातल्याला ती जागाच नाही, त्याला घड्याळाचा वेगळा तुकडा घेऊन जोडावा लागतो. एवढाच फरक. कंपनीला नावं ठेवायची नाहीत, कंपनीनं कागदावर स्वच्छ लिहिलंय. वाचणाऱ्यानं वाचायचं असतं. आणि वाचलेलं सांगायचं असतं.

एक दुकानदार होता — आहे — इथंच, नगरमध्येच. नाव कशाला पाहिजे. त्याच्या बापाची रेडिओ दुरुस्तीची गादी, आणि बापाचा एक कायदा होता, की गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' हा शब्द काउंटरच्या पलीकडं जाता कामा नये. मागितलेली वस्तू नसली तर दुसरी काढायची आणि हीच कशी जास्त चांगली ते पटवून द्यायचं. रेडिओच्या काळात त्यानं काही बिघडत नव्हतं हो, या कंपनीचा व्हॉल्व्ह नाही तर त्या कंपनीचा, गाणं लागलं म्हणजे झालं. लोक कौतुकानं म्हणायचे, यांच्याकडं नाही असं काही नाही. पोरानं तेच उचललं. दुसरं काही नाही, नुसती मिजास. बरं, तर या दुकानदाराकडं त्याचे शाळेतले सर आले, कुलकर्णी सर, विज्ञान शिकवायचे, रिटायर होऊन तिसगावला गावच्या घरी राहायला गेलेले. चौऱ्याहत्तर वय, पण हौस अशी की घरीच बसून, पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकले. रविवारी गावातल्या पोरांना बोलावून फुकट शिकवायचे. तर सर आले, आणि हातात यादी, घडी घालून खिशात ठेवलेली, मोत्यासारखं अक्षर. बायकोसाठी यंत्र करायचं होतं. लीनाकाकूंना शुगर, आणि गेल्या दोन वर्षांत विसरायला लागलेल्या — गोळी घेतली का नाही ते आठवायचं नाही. सर घरी असले तर प्रश्न नव्हता, पण माणूस बँकेत जातो, पाथर्डीला जातो. म्हणून यंत्र. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला सरांचा आवाज यायचा, 'लीना, गोळी घे.' एवढंच.

यादीत पहिल्या नंबरला लिहिलं होतं काळ्या खोक्यातला बोर्ड, सेलसकट. आणि काळं खोकं संपलेलं. आठ दिवसांनी येणार. सर थांबले असते, त्यांना काही घाई नव्हती. मी पांढरं काढलं.

हो. मीच. तुमच्या लक्षात आलंच होतं, तोंडावर दिसतंय. माझं नाव दिलावर, बाहेर पाटीवर लिहिलेलंच आहे.

आणि सरांनी विचारलं मॅडम, हेच तर आहे, त्यांनी विचारलं. चष्मा कपाळावर सरकवून, वर्गात विचारायचे तसं — 'दिलावर, लाईट गेल्यावर हा वेळ कुठून घेणार?' बरोब्बर तोच प्रश्न. आणि मी काय म्हणालो? 'नेटवरून घेतो सर, आता ते सेलबिल जुनं झालं.' आणि कानामागचं पेन काढून त्यांच्या यादीतली ती ओळ खोडली. वेगळा घड्याळाचा तुकडा तरी द्यायचा ना — तोही नव्हता दुकानात, म्हणून त्याचं नावच काढलं नाही. सर खूश झाले. खोटं नाही सांगत, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता तू मला शिकवायचं. नववीत दोनदा नापास झालेला पोरगा मी. अब्बा मला शाळेतून काढायला आल्ते तेव्हा याच माणसानं सांगितलं होतं, याला पुस्तकातलं नाही कळत, हातातलं कळतं, याला प्रयोगशाळेत बसवतो — आणि बसवलं, रोज शाळा सुटल्यावर एक तास, दीड वर्ष. मी आज जो काय इथं बसलोय तो त्या एका तासावर बसलोय.

पाच महिने यंत्र छान चाललं. सर फोन करून सांगायचे, आज इतके दिवस झाले, एकदाही चुकलं नाही. मग श्रावणातली गोष्ट. सर पाथर्डीला बँकेत गेल्ते, पेन्शनचं काहीतरी काम. सकाळी आठला आवाज आला, काकूंनी गोळी घेतली, सरांच्या डोळ्यांसमोर. सर निघाले आणि थोड्या वेळानं लाईट गेली. अकराला आली. पण त्या दिवशी पाइपलाइनचं खोदकाम चाललेलं, जेसीबीनं नेटची वायर तोडलेली — गावात नेटच नाही. बोर्ड वेळ टिपतो तासातून एकदाच, शेवटची टिपलेली सव्वासातची — उठला तेव्हा त्याला वाटलं सकाळचे सव्वासात. पाऊण तासानं त्याचे आठ वाजले. 'लीना, गोळी घे.' काकूंनी घेतली. घेणारच. नवऱ्याचा आवाज, आणि सकाळी घेतलेली आठवत नाही. मग परत लाईट गेली, परत आली, परत सव्वासात, परत आठ. तिसरी गोळी. आणि सर नाहीत म्हणून दुपारी ताट कुणी वाढलं नाही, पोटात सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं. सर पाचला परत आले तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या. शुगर पार खाली गेलेली. नगरला आणलं, आठ दिवस दवाखान्यात. जीव वाचला. पण मेंदूला मार बसला. आता त्या बोलत नाहीत. बघतात, भरवलं तर खातात, सरांनी हात धरला तर धरू देतात. पण हा कोण आहे ते कळतं का नाही, कुणालाच माहीत नाही.

नाही, पोलीस वगैरे काही नाही. कोण कुणावर केस करणार? सर म्हणाले, माझा प्रोग्राम चुकला.

त्यांची मुलगी मनवा, पुण्यात असते, दवाखान्यात ती भडकली, साहजिक आहे. हे खेळणं कुणी विकलं म्हणाली. मी तिथंच उभा होतो मॅडम, भिंतीला टेकून, डबा घेऊन गेल्तो रोशनबीनं दिलेला. आणि सर तिला म्हणाले, 'दिलावरचा यात काही दोष नाही. त्यानं बरोबर तेच दिलं. लिहिण्यात मी चुकलो.' माझ्या देखत. तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायचं होतं. एक श्वास घेतला असता आणि बोललो असतो तर सुटलो असतो. पण त्यांनीच माझी बाजू घेतली आणि माझं तोंड शिवलं गेलं. पहिल्या दिवशी जे एका वाक्यात झालं असतं, ते आता चार महिन्यांचं झालंय. आता नुसती चूक नाही सांगायची, चार महिने गप्प का बसलो तेही सांगायचंय.

आणि तेवढंच असतं तरी — नाही, जाऊ द्या. बोर्डाचं बघू. यातलं काळं घ्या तुम्ही — काय? मला कसं कळलं की घड्याळामुळंच झालं?

सरांनी बोर्ड माझ्याकडंच आणून दिला ना तपासायला. दुसऱ्याच आठवड्यात. बोर्ड आपलं केलेलं सगळं टिपून ठेवतो, आतल्या कार्डात ओळीनं लिहिलेलं असतं. मी या टेबलावर लावला आणि पाच मिनिटांत सापडलं. सव्वासात, आठ. सव्वासात, आठ. सव्वासात, आठ. एकाखाली एक, एकाच दिवशी तीनदा. लहान पोराला कळलं असतं. आणि सर तुम्ही बसलाय तिथंच बसलेले, हात मांडीवर ठेवून. मी कार्ड काढलं आणि म्हणालो, 'सर, कार्ड जळालंय, काहीच दिसत नाही.'

ते या खणात आहे. रोज खण उघडतो, रोज दिसतं.

बघा, हे मी रोशनबीलापण नाही सांगितलं. तुम्ही कोण कुठल्या, बोर्ड विचारायला आलात. गोळ्यांचं बोललात म्हणून निघालं. आणि सरांनी, या माणसानं काय केलं असेल चार महिने? सगळा प्रोग्राम कागदावर छापून घेतला, एकतीस पानं. दर गुरुवारी आठवडे बाजार असतो तिसगावला, त्या दिवशी शेजारची बायडाबाई काकूंपाशी बसते, तेवढ्या वेळात सर एसटीनं इथं येतात. एकेक ओळ लाल पेनानं तपासत. 'दिलावर, ही सातव्या पानावरची अट बघ, इथं तर चुकलं नसेल?' मी म्हणतो, बघतो सर. आयुष्यभर दुसऱ्याच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची तपासतोय आणि चूक सापडत नाही, म्हणून आणखी तपासतोय. रविवारची पोरं बंद केली. म्हणाले, ज्याचं स्वतःचं गणित चुकतं त्यानं पोरांना हात लावू नये. एवढं असूनसुद्धा मी बघतो सर म्हणतो आणि चहा मागवतो.

गाडीचं विचारताय? तेच तर. मनवानं पुण्यात एक संस्था बघितलीय, अशा आजारी माणसांना ठेवून घेतात. चांगली आहे म्हणे. पण तिथं नवऱ्याला राहता येत नाही. महिन्यातून दोनदा भेटायचं. आज काकूंना घेऊन चाललेत. सर त्यांना तिथं सोडणार आणि एकटे तिसगावला परत येणार, शेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. सरांची इच्छा नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत नाहीच म्हणत होते, मी करतो तिचं सगळं, आणि करतही होते, अंघोळीपासून. मग मनवा एकदा बोलली, बाबा, तुमच्या हातून परत काही झालं तर? तिथं माणूस मोडलं. मला फोनवर म्हणाले, 'तिचं बरोबर आहे दिलावर. माझ्या हातात आता लीना सुरक्षित नाही.' आणि मला माहितीय ना, की त्या हातांनी काही केलेलं नाही. मला एवढंच म्हणायचंय की सर, तुमचा प्रोग्राम बरोबर होता, ती ओळ मी खोडली. मग ते मनवाला ठणकावून सांगतील आणि काकू घरी राहतील. हे कळतं मला. रात्रंदिवस कळतं. आज सांगणार आहे. ठरवलंय. थांबणार आहेत ना दोन मिनिटं, दोन मिनिटं बास आहेत. नमाज पढून आलोय सकाळी, मनाशी चार वेळा म्हणून बघितलंय —

आली. ही बघा, तीच. तुम्ही बसा, उठू नका. काही बोलू नका मात्र.

या सर. सावकाश, पायरी आहे. मी आलो असतो ना बाहेर, तुम्ही कशाला उतरलात. मनवाताई चालवतीय का, बरं. काकू? झोप लागलीय. लागू द्या. — हे काय सर, बोर्ड कशाला परत — नाही, ठेवा ना घरी — बरं. बरं, द्या. देईन कुणातरी शिकणाऱ्या पोराला. आणि हे कागद? सगळे? हो, ठेवतो. एकोणिसावं पान, हो, खूण केलीय, दिसतीय मला. बघतो सर. — या? या मॅडम संगमनेरच्या, कॉलेजात शिकवतात, बोर्ड घ्यायचाय त्यांना. — हो, तेच सांगत होतो. — मी सांगेन तो डोळे झाकून घ्यावा? ऐकलंत मॅडम, सर काय म्हणतात. — सर. सर, एक मिनिट. बसता का जरा? नाही, उशीर होईल, बरोबर आहे. मला एवढंच — ते — सुप्याला थांबा सर चहाला, त्या वळणावरच्या हॉटेलात चांगला मिळतो. काकूंनाही जरा मोकळी हवा. हो. हो सर. फोन करा पोचल्यावर. सावकाश, पायरी.

चहा चांगला मिळतो म्हणालो मी.

काय बघताय अशा? बघितलंत ना, तोंडात आलं होतं, इथपर्यंत आलं होतं. नाही निघालं. उद्या फोन करीन. नाहीतर ते परत आल्यावर, एकटे असतील, निवांत बोलता येईल. आता काय, ठरलेलं आहे सगळं त्यांचं, भरलेली गाडी कशाला मागं फिरवायची. तुम्ही सांगा, काळं द्यायचं ना? सेल मी लावून देतो. मॅडम? पिशवी कशाला उचलली? नाही घ्यायचा तर नका घेऊ, पण — तिकडं गाडीकडं कुठं — अहो, त्यांचं आणि तुमचं काय, ओळख ना पाळख, हे मी तुमच्याजवळ बोललो ते काय — मॅडम, ऐका.

ऐका. टेम्पो आडवा आलाय, गाडी निघायला अजून वेळ आहे. सर पुढं बसलेत, मनवाच्या शेजारी. काच खाली करायला लावा आणि तुम्ही खिडकीशीच उभ्या राहून सांगा सगळं. डाव्या कानानं ऐकतात ते, उजवा गेलाय. जा लवकर.